मांजरीच्या पिल्लाचे डोळे

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पण झोप लागेना. आमच्या गावात सप्ताह चालू आहे. आज पाचव्या दिवशी महाराजांनी कीर्तनात माकड आणि मांजर काढलं. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः धरून असतं, हात सुटला की पडतं. मांजरीचं पिल्लू काही करत नाही, आई तोंडात धरून नेते. म्हणून भक्तानं मांजरीचं पिल्लू व्हावं, आपली अक्कल चालवू नये.

इथवर ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजकालच्या पोरी माकडं झाल्यात." मंडप हसला. कीर्तन संपल्यावर बारावीतल्या माझ्या पुतणीनं पाया पडून विचारलं, "महाराज, पिल्लाला जायचंच नसेल तर?" उत्तर मिळालं, "मोकाट ढोरासारखं बोलू नये." परत हशा. मी तिच्या मागेच होतो आणि गप्प राहिलो. पोरगी घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.

अहो, ही उपमा तमिळ मुलखातल्या श्रीवैष्णवांची. रामानुजाचार्यांच्या मागे त्यांच्यात ज्या मुद्द्यांवरून दोन फळ्या पडल्या, त्यातला हा एक. वडकलै म्हणाले माकडाचं पिल्लू, देव तारतो पण धरायचं तेवढं आपण धरावं. तेंकलै म्हणाले मांजरीचं, सगळं त्याच्या कृपेवर. दोन्हीकडे थोर आचार्य. माकड ही तिथं शिवी नव्हती! शिवी आपल्या मंडपात झाली, तीही फक्त पोरींसाठी.

आणि मांजर मी पाहिलेली आहे. मी सातवीत असताना आमची एक खोली कापसानं भरलेली होती आणि मांजर त्यातच व्याली होती. व्यापाऱ्याचा काटा अंगणात लागला, हमाल गाठोडी बांधायला लागले, तशी ती एकेक पिल्लू मानगुटीला धरून माळ्यावर नेऊ लागली. पिल्लं पाय पोटाशी घेऊन गपगार. तीन नेली. हमाल थांबेनात, तेव्हा माय दारात आडवी झाली, "थांबा रे भो, आखो एक पिल्लू शे त्यामा!" चौथं मिळेपर्यंत काटा थांबला.

पण त्या पिल्लांचे डोळे तेव्हा उघडले नव्हते, हे महाराजांनी सांगितलं नाही. महिना-सव्वा महिन्यानं तीच पिल्लं माळ्यावरून धडपडत खाली यायची. मांजर पुढे चालायची, थांबून मागे बघायची, तोंडात कुणालाच धरायची नाही. आईच पोराला सोडते, आणि आपण म्हणतो देवानं जन्मभर मानगूट धरून ठेवावी?

मन आवरत नाही हे खरं आहे. असोद्याच्या बहिणाबाईंनीच त्याला उभ्या पिकातलं ढोर म्हटलंय. पण ते त्यांनी मनाला म्हटलं, प्रश्न विचारणाऱ्या पोरीला नाही. आणि दरवर्षी आषाढीला मुक्ताईनगरहून जिची पालखी पंढरीला जाते, त्या मुक्ताईची मुंगी तर आकाशात उडून सूर्य गिळते! तापीकाठच्या आपल्या लोकांना हे सांगायला बाहेरचा माणूस लागतो का?

एक मात्र कबूल. माय गेली त्या वर्षी शेवटचे दोन महिने तिला कूसही बदलता येत नव्हती. आम्ही उचलून बसवायचो, तेव्हा ती डोळे मिटून "विठ्ठला, ने आता" म्हणायची. तेव्हा ती मांजरीचं पिल्लूच होती आणि त्यात काही खोटं नव्हतं. पण त्याआधी साठ वर्षं तिनं माळ स्वतःच्या हातानं ओढली होती. दारात आडवी होताना तिनं कुणाला विचारलं नव्हतं. तिचा देव तिच्यावर रागावला असेल असं मला कधी वाटलं नाही.

आज तिच्या नातीसाठी मी आडवा झालो नाही. तेच राहून राहून टोचतंय.

पुतणीच्या खोलीत अजून दिवा होता. विचारलं, उद्या कीर्तनाला येतेस का? म्हणाली, "काका, तुम्ही पुढे बसाल तर येते."

मी पुढे बसणार आहे.