गदा पेलणारी भिंत

कोल्हापुरात कुठलीही वस्तू नुसती बघून पास होत नाही, ठोकून बघावी लागते. हॉलचा कोपरा तोडून लेकीला अभ्यासाची खोली काढायची, विटावाळूची घाण नको आणि स्लॅबवर वजनही नको, म्हणून जिप्सम बोर्डाचं पार्टिशन ठरलं, आणि एका बाजूचा बोर्ड लागल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढायच्या आधी त्याच्यावर टकटक करतोय. आवाज पोकळ येतो. मग तो माझ्याकडं बघतो, दिवाळं निघालेल्या माणसाकडं बघावं तसा.

मामांनी तर उभी हयात उद्यमनगरात कास्टिंगमध्ये घालवलेली. त्यांनी उरलेला एक स्टड, म्हणजे बोर्डाच्या आत सांगाड्याला उभी लागणारी पत्र्याची पट्टी, उचलला, अंगठ्यानं दाबला, तो दबला.

"अर्धा एमएमचा पत्रा हाय न्हवं ह्यो? ह्याच्यावर घर उभं करतोस व्हय?"

"मामा, घर नाही, पार्टिशन आहे."

"त्येच की!"

मिस्त्री मात्र गार. त्याचं म्हणणं, एकटा स्टड वाकणारच, पण खालीवर चॅनलमध्ये बसला, 2 फुटांवर दुसरा आला आणि दोन्हीकडनं साडेबारा एमएमचा बोर्ड स्क्रूनं आवळला की सगळं मिळून ताठ होतंय. हे खरं आहे, मला पटलं पण होतं. मग आईनं गदा काढली.

आजोबांनी खासबागेत कुस्ती मारून आणलेली, आत लाकूड, वर चांदीचा पत्रा, आणि वजन असं की पुसायला खाली घ्यायची तर दोघं लागतात. ती म्हणे नव्या भिंतीवर, दार उघडलं की समोर दिसली पाहिजे. आता हा बोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मधे जिप्सम, त्यात नुसता स्क्रू पिळला की भुगा बाहेर येतो आणि स्क्रू जागेवर गरागरा फिरत बसतो, आणि स्टडमध्ये मारावा तर अर्ध्या एमएमच्या पत्र्यात आटे धरून धरून किती धरणार. घड्याळ, कॅलेंडर ठीक आहे. (ज्या 1894 साली शाहू महाराज गादीवर बसले त्याच साली तिकडं अमेरिकेत सॅकेट नावाच्या माणसानं कागद आणि प्लास्टरच्या थरांच्या बोर्डाचं पेटंट घेतलं. त्याच्या घरात पैलवान नसणार, एवढं नक्की.)

उपाय मिस्त्रीकडं होता. दुसऱ्या बाजूचा बोर्ड लागायच्या आत, दोन स्टडच्या मधे 18 एमएम प्लायची रुंद पट्टी आडवी बसवायची. ऐकायला सोपं. पण स्टड सी आकाराचा, एकच बाजू उघडी, त्यामुळं पट्टीचं एक टोक आत सरकतं आणि दुसरं समोरच्या स्टडच्या सपाट पाठीवर आपटतं, तिथं पत्र्याचा अँगल मारावा लागला. शिवाय पट्टी स्टडच्या तोंडाशी लेव्हल पाहिजे, जरा बाहेर आली की वरच्या बोर्डाला पोट सुटतं. दाराकडंच्या स्टडमध्ये पण लाकूड भरून घेतलं, कारण दहावीतली पोरगी दार नुसतं लावत नाही.

प्लाय आलाय म्हटल्यावर घरात मागण्या सुरू. बायकोला पुस्तकांचं रॅक, लेकीला आरसा, आणि मामांचं एकच, "सगळीकडंच मार की मर्दा, कशाला कंजूसपणा!" सगळीकडं प्लायच मारायचा तर जिप्सम कशाला आणला, हे मी मनातच बोललो. शेवटी गदा आणि रॅक मंजूर, आरसा टेबलावर.

बायको हुशार. भिंत बंद व्हायच्या आधी तिनं पट्टीला टेप लावून फोटो काढून ठेवले, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. त्या मापानं स्क्रू मारले, सगळे बरोबर प्लायमध्ये घुसले. गदा चढली. मामांनी हुकाला दोन्ही हातांनी धरून लोंबकळून पण बघितलं, वय वर्षं 72, आम्ही सगळे खाली हात पसरून उभे. भिंत हलली नाही.

आई सोफ्यावर बसून निरखत होती. म्हणाली, "झकास! फक्त दीड फूट डावीकडं घे बाबा, दाराआड जातीय."

डावीकडं नुसता बोर्ड आहे.