एका मतानं काय फरक पडतो म्हणे!

दर निवडणुकीला तेच. "माझ्या एका मतानं काय फरक पडणारे?" अरे बाबा, २००८ ला राजस्थानात विधानसभेला नाथद्वाऱ्यातून काँग्रेसचे नेते सी. पी. जोशी एका मतानं पडले, एका! आणि अमेरिकेत व्हर्जिनियात २०१७ च्या निवडणुकीत एका जागेवर दोघांना सेम मतं, शेवटी वाडग्यातून चिठ्ठी काढून आमदार ठरवावा लागला, म्हणजे घरी लोळत पडलेला एक जण जरी उठून गेला असता ना तरी ही वेळ आली नसती. स्वित्झर्लंडच्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९७१ उजाडलं, आणि आयता हक्क मिळालेल्यांना झोप आवरत नाही.

त्यात दुसरी जमात. वर्षभर यादीत नाव आहे का बघायचं नाही आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन राडा. आता नावं परस्पर उडतात हे खरंय, ती यंत्रणेचीच चूक आणि त्यावर बोंबललंच पाहिजे, पण आधी बोंबला ना, दुरुस्तीची मुदत असते तेव्हा! तेव्हा कुठे असता सगळे? आणि निकाल लागला की सगळ्यात जास्त कटकट परत यांचीच.