कोंबड्यांचे पंचांग

इंदूरच्या आमच्या लोकमान्यनगरात अंडे कोणीही खात नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो, कारण गल्लीतल्या कोणत्याही घरी जाऊन विचारले तरी हेच उत्तर मिळेल. फरक इतकाच, की परसात कोंबड्या पाळल्यापासून माझ्याकडे अंडी शिल्लक राहत नाहीत. समोरच्या काकूंकडे अंडे चालत नाही, परंतु नातवाला डॉक्टरांनी सांगितले आहे. मागच्या गल्लीतल्या वहिनींकडे चालत नाही, परंतु केसांना लावायला लागते. आणि कोपऱ्यावरच्या निवृत्त संस्कृत मास्तरांकडे तर मुळीच चालत नाही, म्हणून ते संध्याकाळी पाय मोकळे करायला निघतात ते थेट छप्पनवर, म्हणजे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत, जाऊन अंड्याचा बेंजो (पावात घातलेले आम्लेट) खातात आणि बडीशेप चघळत घरी परततात.

हा सारा व्यवहार मागच्या दाराने, कापडी पिशवीत आणि दबक्या आवाजात चालतो. त्यावर पाणी फिरवते ती कोंबडी. अंडे घालण्याआधी ती अत्यंत सोवळी असते. घमेल्यातल्या भुशात शिरून चारदा दिशा बदलते, पेंढ्याची एक काडी चोचीत धरून पाठीवर टाकते, ती पसंत पडली नाही की दुसरी टाकते, मग पिसे फुलवून बसते आणि डोळे अर्धवट मिटते. या वेळी तिच्याकडे कोणी पाहिलेले तिला खपत नाही. मात्र कार्यभाग उरकला की ती मान उंच करून अशी काही ओरडते, की दोन गल्ल्यांना वार्ता पोचावी. आणि ज्यांनी त्या दिवशी काहीही केलेले नसते त्या बाकीच्याही तिच्या सुरात सूर मिसळतात. कोंबडीच्या पोटात काही राहत नाही हेच खरे. त्यानंतर पाव तासात मागच्या दाराची कडी वाजते आणि पिशवी पुढे येते.

आमच्याकडे तीन गावठी, दोन कडकनाथ आणि एक हॅचरीतून आणलेली तपकिरी संकरित कोंबडी आहे. कडकनाथ ही झाबुआची, तिथल्या लोकांची ‘काळी मासी’. तिचा तुरा काळा, जीभ काळी, मांसही काळे. त्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून ती अधिकच ताठ चालते असा माझा समज आहे. तिचे अंडेही काळे असेल या अपेक्षेने पाहुणे येतात आणि हातात फिकट बदामी रंगाचे अंडे आले की फसवणूक झाल्यासारखा चेहरा करतात. वहिनींनी तर ते उजेडात धरून, नखाने खरवडून पाहिले. “काळ्या गाईचं दूध काय काळं असतं?” असे आईने आतून विचारले, तेव्हा कुठे तो विषय मिटला. (आई स्वतः अंड्याला ‘ते’ म्हणते, नाव घेत नाही.) कडकनाथ वर्षाला शंभराच्या आतबाहेर अंडी देते, गावठी त्याहूनही कमी, आणि तपकिरी मात्र तीनशेच्या घरात जाते. साहजिकच सर्वांत कौतुक कडकनाथचे होते आणि सर्वांत काम तपकिरी करते. घरोघरी हेच असते, असे म्हणताना पत्नी माझ्याकडे का पाहते ते मी विचारलेले नाही.

कोंबडा आम्ही ठेवलेला नाही. पहाटेच्या आरवण्यावरून भांडणे नकोत, एवढाच त्यामागे हेतू होता. परंतु त्यातून धर्मशास्त्राचा मोठा प्रश्न उभा राहिला. “अहो भावजी, कोंबडाच नाही तर अंडी कशी?” असे काकूंनी विचारले. कोंबडी अंडे घालते ते कोंबडा असो वा नसो. कोंबडा नसला तर त्यातून पिल्लू निघत नाही, इतकेच, हे मी त्यांना समजावून सांगितले. मास्तर कठड्याशी उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी निर्णय दिला, की ज्यात जीव येण्याचा संभवच नाही त्याला मांसाहार म्हणता येत नाही. सबब माझ्या परसातले अंडे हे दुधाच्या वर्गात मोडते. या निर्णयानंतर पिशव्यांची संख्या वाढली, पण दार मात्र मागचेच राहिले.

खरी अडचण दोन पंचांगांची आहे. गल्ली एका पंचांगाने चालते आणि कोंबड्या दुसऱ्या. कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसते कवच चढण्यात जातात. म्हणजे आज सकाळी आठला आलेले अंडे उद्या नऊच्या सुमारास येणार, परवा दहाच्या. असे सरकत सरकत दुपार कलली की कोंबडी एक दिवस गाळते आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात करते. हे ऐकून मास्तरांना आनंदाचे भरते आले. “अरे, ही तर क्षयतिथी!” असे म्हणून त्यांनी तपकिरीच्या अंड्यांचे एक टिपण ठेवायला घेतले, आणि ‘उद्या लोप आहे, पिशवी पाठवू नये’ असे आगाऊ सांगण्याइतकी त्यांची त्यात गती झाली. गावठ्यांना मात्र हे गणित लागू पडत नाही. त्या चार दिवस घालतात आणि आठ दिवस विचार करतात.

उन्हाळ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घामाच्या ग्रंथी नसलेल्या या जिवांना चोच उघडी टाकून धापण्याखेरीज उपाय नसतो. खाणे कमी होते, धापण्यामुळे रक्तातला समतोल बिघडून अंड्याचे कवच पातळ येते, आणि शिंपल्यांचा चुरा कितीही घातला तरी एखादे अंडे हातातच दबते. मी खुराड्यावर ओली पोती टाकत राहतो आणि पत्नी माठातले पाणी कोणासाठी संपले याची चौकशी करत राहते.

पाऊस पडला की मात्र हवा निवते, कोंबड्या पोटभर खाऊ लागतात आणि अंड्यांचा ओघ सुरू होतो. नेमका तेव्हाच आमच्याकडे चातुर्मास लागतो. त्यातही इंदूरची गोष्ट वेगळी. गल्लीतली निम्मी घरे हिंदी भाषकांची, त्यांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणून त्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो. आमचा श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावास्या उलटल्यावर. ते राखीला मोकळे होतात, आम्ही पोळ्याला. एकाच गल्लीत श्रावण असा दीड महिना चालतो, पाठोपाठ गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. या काळात मागच्या दाराची कडी गंजते. मी ट्रे भरत जातो. अंडी धुऊ नयेत, कवचावर एक नैसर्गिक लेप असतो आणि तो टिकला तर अंडे जास्त दिवस टिकते, हे मी सांगितल्यामुळे ती न धुता फ्रिजमध्ये ठेवायची. आणि मोदकाचे सारण ज्या फ्रिजमध्ये आहे तिथे न धुतलेले ‘ते’ राहणार नाही असा आईचा हुकूम. शेवटी भाचा स्कूटरवर ट्रे बांधून भंवरकुआंच्या खोल्यांमधून परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना देऊन येतो. त्या मुलांकडे पंचांग नसते, फक्त वेळापत्रक असते.

गेल्या श्रावणात एक गावठी खुडूक झाली. कोंबडा नसताना उबवायचे काय, हा विचार तिला शिवला नाही. रिकाम्या घमेल्यावर ती पिसे फुलवून बसली, दिवसातून एकदाच उठून चार दाणे टिपायची, आणि कोणी हात घातला तर टोचायची. पोटाखाली गार हवा लागली की उबवण्याची ओढ कमी होते, म्हणून जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तिला ठेवण्याची मी तयारी केली, तेव्हा आई मध्ये पडली. “एकभुक्त राहून एका जागी बसलीय बिचारी. या घरात तिला एकटीला तरी चातुर्मास कळला,” असे म्हणून तिने पिंजरा माळ्यावर टाकायला लावला.

कार्तिकी एकादशी झाली की चित्र पालटते. थंडी पडते, डॉक्टरांची आठवण येते, केस गळू लागतात आणि सगळ्या पिशव्या एकदम बाहेर निघतात. पण कोंबडीला भरपूर अंडी घालायला चौदा तासांहून अधिक उजेड लागतो. इंदूरचा सर्वांत मोठा दिवसच साडेतेरा तासांच्या आसपास, आणि डिसेंबरात तो पावणेअकरावर येतो. त्यात जुन्या कोंबड्या याच सुमारास पीस गाळतात. पिसे म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, त्यामुळे नवी येईपर्यंत अंड्यांचे खाते बंद. अंगणभर पिसे उडत असतात, कडकनाथची मान उघडी पडलेली असते, आणि मी दारात उभा राहून हे सारे समजावत असतो. काकूंचा विश्वास बसत नाही. अंडी मी भाव वाढण्यासाठी दाबून ठेवली आहेत असा त्यांचा कयास आहे, वास्तविक मी भाव कधीच लावलेला नाही.

उपाय म्हणून खुराड्यात दिवा लावला. तो संध्याकाळी लावून चालत नाही, कारण एकदम विझला तर कोंबड्या दांडीवर चढायच्या आत अंधारात सापडतात; म्हणून पहाटे साडेचारला मी स्वेटर चढवून बटण दाबायला जाऊ लागलो. कार्तिकातली काकडआरती नुकतीच संपली होती, तोवर आमच्या परसातली सुरू झाली. “माझ्या परीक्षांच्या वेळी कधी दिवा लावायला उठला नाहीत,” असे पत्नी पांघरुणातून म्हणाली. उत्तर देण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी मफलर शोधत राहिलो.

संक्रांत झाली, दिवस तिळातिळाने वाढू लागला, आणि कडकनाथने हंगामातले पहिले अंडे घातले ते नेमके षट्तिला एकादशीला, सकाळी, पूजेच्या वेळी. ओरडणे असे, की गल्लीतल्या सगळ्या घंट्या थांबल्या. काकूंनी समोरच्या खिडकीतून डोके बाहेर काढले, इकडेतिकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “भावजी, आज नको. उद्या बारस आहे, उद्या मागच्या दारानं पाठवा. आणि तिला म्हणावं, जरा हळू.”