परसातली मिरची

बेळगावात राहून घरी मिरची लावणे हा शुद्ध आगाऊपणा आहे. एकीकडे हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरचे नाव मिरवणारी जहाल मिरची, दुसरीकडे हावेरी जिल्ह्यातली, २०११ साली भौगोलिक मानांकन मिळवलेली ब्याडगी. पहिली घाम फोडते, दुसरी रंग देते आणि दोन्ही आमच्या बाजारात पोत्यांनी मिळतात. तरीही परसात रिकामी जागा दिसली की माणसाचे हात शिवशिवतात. मी वाळक्या संकेश्वरीचे बी काढून वाफ्यात टाकले आणि त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कृषी विद्यापीठ सुरू झाले.

जून-जुलैत सह्याद्रीकडून येणारा पाऊस आमच्या गावात असा काही मुक्काम ठोकतो की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, मग मिरचीच्या मुळांची काय कथा! पाणी साचले की मुळे कुजतात, म्हणून वाफा उंच करून बाजूने चर काढले. शेजारच्या अक्का कुंपणापलीकडून रोज ‘नीर कडिमी हाक्री’, म्हणजे पाणी कमी घाला, असे बजावत असत. आभाळातून पडणाऱ्या पाण्याला हे कोणी सांगावे, हा प्रश्न मी आदरापोटी गिळला.

त्यातून वाचलेल्या रोपांवर बोकड्या, म्हणजे पाने वळवून आकसवणारा रोग, पडला. पाने वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे आणि खालच्या बाजूला वळली तर कोळी नावाची बारीक कीड, असे जाणकार सांगतात. माझ्या रोपांची पाने दोन्हीकडे वळली होती. निंबोळी अर्क, ताक, गोमूत्र, राख असे सर्व उपाय सुचवण्यात आले आणि ज्याने जो उपाय सुचवला तो दुसऱ्या दिवशी पान उलटून आपला निकाल पाहायला येऊ लागला. झाडे सुधारली, पण श्रेयाचा वाद अजून मिटलेला नाही.

पुढे मिरच्या लगडल्या खऱ्या, परंतु त्यांचा तिखटपणा कोणाच्या आज्ञेत नव्हता. झाडाला पाण्याचा ताण पडला की मिरची अधिक तिखट होते, लाडाने पाणी घातले की मवाळ होते आणि एकाच झाडावरच्या दोन मिरच्याही सारख्या निघत नाहीत. त्यामुळे आमच्या पोह्यांत जुगार शिरला. मामांच्या वाट्याला जहाल मिरची आली, तेव्हा त्यांनी कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी दुधाच्या मिठाईचा, डबा पुढे ओढला. दुधातले केसीन हे प्रथिन तिखटाला धरून नेते हे खरे असल्याने तो अख्खा डबा औषध म्हणून संपला. तिखट बियांत असते असे मामांचे ठाम मत आहे. वास्तविक मिरचीला तिखट करणारे कॅप्सेसिन बियांत नव्हे, तर बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात तयार होते. हे मी सांगताच मामांनी चार बिया माझ्याच तळहातावर ठेवल्या. बियांना गाभ्याचा रस लागलेला असतो. वादात मी जिंकलो, जीभ हरली.

खरा छळ तोडणीचा. देठ धरून मिरची वर उचलली की फांदी न मोडता सुटते, एवढे सोपे. पण निवडताना फुटक्या मिरच्यांचा अंश बोटांत मुरतो आणि कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नसल्याने नुसते हात धुऊन भागत नाही. आधी खोबरेल चोळावे, मग साबण लावावा. आपल्या शरीरातला जो संवेदक या तिखटाने पेटतो, तोच सुमारे ४३ अंशांपुढच्या उष्णतेनेही जागा होतो; तो शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ सालच्या नोबेलचे एक मानकरी ठरले, आणि माझ्या बोटांना रात्रभर पंख्यासमोरची जागा मिळाली. पक्ष्यांचा संवेदक या तिखटाला दाद देत नाही. बियाण्यासाठी राखलेल्या पिकल्या मिरच्या बुलबुलांनी आमच्या देखत, सावकाश खाल्ल्या.

लाल मिरची वाळली की वजन जेमतेम पाव हिश्शावर येते. उन्हाळ्यात चटणी कुटायला गेलो, तेव्हा डंकवाल्याने माझी पिशवी एका बोटावर तोलून ‘एवढ्यासाठी डंक लावायचा काय?’ असे विचारले. शेवटी बाजारातून ब्याडगी आणि संकेश्वरी विकत आणून त्यांत आमची मिरची मिसळली. ती बरणी घरात ‘आपल्या मिरचीची चटणी’ म्हणूनच ओळखली जाते. पाहुणे तिच्या रंगाची तोंडभर स्तुती करतात आणि रंग ब्याडगीचा आहे, हे मामा दर वेळी न विसरता त्यांना सांगतात.