हॅरियरचं ठिकाण मी का लिहिलं नाही

नमस्कार.

'मार्चच्या नोंदी : मूर आणि किनारा' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. (मूर म्हणजे इथलं, उत्तर इंग्लंडातलं, हेदरच्या खुरट्या झुडपांनी झाकलेलं उंचावरचं मोकळं माळरान.) हेन हॅरियर हा शिकारी पक्षी दिसला असं ठळकपणे लिहायचं आणि ठिकाण मात्र 'मूरवर एके जागी' म्हणून गुलदस्त्यात ठेवायचं, ही माहितीची साठेबाजी आहे. राष्ट्रीय उद्यान सगळ्यांचं, तसे पक्षीही सगळ्यांचे. उरलेल्या यादीत टिटव्या, चंडोल, कर्ल्यू (लांब वाकड्या चोचीचा पाणथळीतला पक्षी), गॅनेट (मोठा पांढरा समुद्रपक्षी) असे 'रोजचेच' पक्षी. शिवाय ग्राउस या कोंबडीसारख्या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेल्या मूरवर कर्ल्यू चांगले टिकतात असं लिहून मी शिकाऱ्यांची तळी उचलली. आणि शेवटी, एप्रिलच्या सुरुवातीला तुम्ही पुण्याहून लीड्सला मुलीकडे येणार आहात, त्यासाठी या लेखाचा काडीचाही उपयोग झाला नाही.

ही शेवटची तक्रार मला सगळ्यात जास्त लागली. तिचं उत्तर शेवटी देते. आधी हॅरियर.

त्या संध्याकाळी दिसली ती मादी असेल किंवा गेल्या वर्षीचं पिल्लू. दोघंही तपकिरीच असतात, लांबून फरक करणं अवघड. शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, पंख किंचित वर उचललेले, आणि उडणं इतकं खालून की हेदरच्या उंचवट्यामागे ती मधूनच दिसेनाशी व्हायची. एका उताराला तिने दोन घिरट्या घातल्या, उंच वाढलेल्या जुन्या हेदरवर क्षणभर थबकली आणि आत उतरली. परत उठली नाही. अंधार पडेपर्यंत आणखी एक आली आणि तिथेच उतरली. म्हणजे तो त्यांचा रातथारा होता. ठिकाण न लिहिण्याचं कारण हेच.

दिवसा उडणारा हॅरियर आत्ता इथे, तर तासाभरात कुठल्या कुठे. त्याची जागा सांगून फारसं काही बिघडत नाही. रातथाऱ्याचं तसं नाही. हिवाळाभर आणि वसंत लागेपर्यंत पक्षी त्याच हेदरमध्ये, साधारण त्याच वेळी उतरत राहतात. ज्याला त्यांना मारायचं आहे त्याला याहून सोयीची जागा मिळायची नाही.

हॅरियर ग्राउसची पिल्लं खातो म्हणून त्याला मारणारे आहेत, ही माझी कल्पना नव्हे. २०१९ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उपग्रह टॅग लावलेल्या ५८ हेन हॅरियरचा मागोवा घेतला होता. त्यांतले ७२ टक्के बेकायदा मारले गेले होते किंवा तसं असण्याची दाट शक्यता होती. २०१३ मध्ये सगळ्या इंग्लंडात हॅरियरचं एकही पिल्लू घरट्यातून उडालं नाही. २०२३ मध्ये १४१ उडाली तेव्हा आम्ही सगळे हरखून गेलो, आणि पुढच्याच वर्षी आकडा ८० वर आला. शिकारी पक्ष्यांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या यादीत नॉर्थ यॉर्कशायर वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतं. मी राहते तो हाच परगणा.

तुम्ही म्हणाल, शिकारीसाठी मूर राखणाऱ्या, तिथे रोज फिरणाऱ्या राखणदाराला रातथारा माहीत असणारच, त्याच्यापासून काय लपवणार? हा मुद्दा रास्त आहे. पण माहीत असणारा तो एकटा नसतो, आणि धोकाही एकाच प्रकारचा नसतो. नेमकी जागा कळली की दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला तिथे कॅमेरे उभे राहतात. कुणी चांगल्या कोनासाठी दहा पावलं पुढे जातं, कुणाचा कुत्रा हेदरमध्ये घुसतो. उतरलेला पक्षी उठतो आणि कडाक्याच्या थंडीत, अंधारात, दुसरी जागा शोधत फिरतो. पुण्याजवळच्या माळरानांवर हिवाळ्यात भोवत्या पक्षी गवतात मुक्कामाला उतरतात. ते तुम्ही पाहिले असतील, तर त्यांच्यामागे माळावर गाड्या घालणारे फोटोवालेही पाहिले असतील. माणसं वाईट नसतात. त्यांना फोटो हवा असतो आणि जागा ठाऊक असते, एवढंच.

माहिती मात्र वाया गेलेली नाही. इथे प्रत्येक परगण्याला एक पक्षी-नोंदणीकार असतो. त्याला मी नकाशावरच्या अचूक आकड्यांसह नोंद पाठवली आहे, आणि बर्डट्रॅक या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर ती संवेदनशील म्हणून टाकली आहे. ज्यांनी त्या जागेवर लक्ष ठेवायचं त्यांना ती ठाऊक आहे. जाहीर झाली नाही, इतकंच. आणि नाही होणार.

मार्चच्या त्याच लेखात यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या बेम्प्टनच्या कड्यांबद्दल मी काहीच लपवलं नव्हतं. कुठल्या कठड्यापाशी उभं राहिलं की गॅनेट अगदी जवळून दिसतात हेही लिहिलं होतं. ही विसंगती नाही. बेम्प्टनला खडूचे शंभर मीटरहून उंच उभे कडे आहेत, वर कुंपण आहे, आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेचे लोक दिवसभर हजर असतात. मार्च ते ऑक्टोबर तिथे सुमारे पाच लाख समुद्रपक्षी येऊन जातात आणि माणसांचे लोंढेही येतात. दोघांचं नीट चालतं, कारण मध्ये राखण आहे. तिथेच एकेकाळी राखण नव्हती. १८६०च्या दशकात माणसं बोटींत बसून याच फ्लॅम्बरो-बेम्प्टनच्या कड्यांखाली यायची आणि घरट्यांवरचे पक्षी बंदुकीने टिपायची. किटिवेक या कुरव जातीच्या पक्ष्याचे पंख बायकांच्या टोप्यांवर लागत. हा प्रकार थांबवण्यासाठी १८६९ मध्ये समुद्रपक्षी संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल ते १ ऑगस्ट शिकारीला बंदी आली. अंडी काढायला दोरावरून कड्यावर उतरणं मात्र त्यानंतरही १९५४ पर्यंत चालूच होतं. त्या पक्ष्यांचा पत्ता तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होता. राखण आली तेव्हा तो पत्ता निर्धोक झाला. हॅरियरच्या बाबतीत कायदा कडक आहे. १९८१च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याच्या घरट्याशी नुसता त्रास देणंही गुन्हा आहे. पण मैलोन्‌मैल मोकळ्या मूरवर रात्री पहारा कोण देणार?

आता 'रोजचे पक्षी'.

फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये कर्ल्यू खाड्या आणि किनाऱ्यावरची शेतं सोडून मूरवर चढतात. पहिले काही दिवस नुसते उडत येतात आणि एखाद्या ओल्या कुरणात गप्प उभे राहतात. मग एका सकाळी त्यांतला एक गायला लागतो. जमिनीपासून वर उठतो, पंख थरथरवतो, सुरुवातीला एकेक लांब, रेंगाळलेली शीळ. मग शिळा जवळजवळ येत जातात, एकमेकींत मिसळतात आणि उकळी फुटावी तशा सुरांत फुटतात. तोवर पक्ष्याने पंख ताठ पसरलेले असतात आणि तो उतरणीला लागून घरंगळत खाली येत असतो. या वर्षी हे गाणं मी पहिल्यांदा कधी ऐकलं ती तारीख लेखात आहे. तुम्हाला ती क्षुल्लक वाटली. माझ्या लेखी त्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची नोंद तीच.

कारण जगातल्या वीण करणाऱ्या कर्ल्यूंपैकी साधारण पाव हिस्सा ब्रिटनमध्ये आहे, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापासून इथली संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आहे. २०१५ पासून तो इथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. यात फसवं असं, की पूर्ण वाढलेले पक्षी दिसत राहतात. कर्ल्यू दीर्घायुषी आहे, वीस-पंचवीस वर्षंही जगतो. त्यामुळे दर मार्चला तीच जोडी त्याच कुरणात हजर होते, गाते, जमिनीवर चार अंडी घालते. अंडी कोल्हा नेतो नाहीतर कावळा, आणि गवत कापायला लवकर आलेलं यंत्र पिल्लांवरून जातं. पिल्लं मोठी होत नाहीत, पण गाणं ऐकू येत राहतं आणि सगळं आलबेल आहे असं वाटतं. ही घट कळली ती दुर्मिळ पक्ष्यांमागे धावून नव्हे. १९९४ पासून हजारो स्वयंसेवक दर वसंतात आपापल्या एक किलोमीटरच्या चौकोनात चालतात आणि दिसतील ते सगळे पक्षी मोजतात. चंडोलही आणि कावळेही. त्या कंटाळवाण्या मोजणीतून हे आकडे आले.

कर्ल्यूच्याच कुळातला सडपातळ चोचीचा एक भाऊबंद १९९५ मध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्यावर शेवटचा खात्रीने दिसला. २०२५ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. हिवाळ्यात कोकणच्या खाड्यांवर कर्ल्यू येतात ते आशियातले, इथले नव्हेत. पण ओहोटीला चिखलात चोच खुपसणारा तो पक्षी तुम्ही मालवणला किंवा अलिबागला पाहिला असेल, तर इथे मूरवर तोच पक्षी आकाशात गाताना पाहणं काय असतं याची कल्पना करून पाहा. फोटो लांबून काढलेत आणि लहान दिसतात हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ते लांबूनच काढले जातील.

रोजच्या पक्ष्यांत मला या वर्षी दिसलेली आणखी एक गोष्ट सांगते. बेम्प्टनला एक गॅनेटची जोडी समोरासमोर उभी राहून चोची आभाळाकडे करून एकमेकींवर आपटत होती. दरवर्षी जोड्या जुळताना करतात तसंच. त्यांतल्या एकाचं बुबुळ काळं होतं. गॅनेटचं बुबुळ फिकट निळसर असतं. २०२२च्या बर्ड फ्लूत गॅनेट पटापट मेले, आणि स्कॉटलंडच्या बास रॉकवर संशोधकांना आढळलं की काळ्या बुबुळांचे पक्षी हे त्या आजारातून वाचलेले आहेत. तो एक पक्षी जगला, परत आला आणि त्याला जोडीदारही मिळाला. हे रोजच्याच पक्ष्याकडे निवांत पाहत बसल्याशिवाय दिसत नाही.

ग्राउसबद्दल मी लिहिलं ते पुन्हा लिहीन. १२ ऑगस्टला शिकार सुरू होते. तोवर ग्राउस वाढावेत म्हणून राखणदार कोल्हे आणि कावळे मारतात, हेदर पट्ट्यापट्ट्याने जाळून कोवळे कोंब फुटवतात. त्याचा फायदा जमिनीवर घरटं करणाऱ्या कर्ल्यूला, टिटवीला, गोल्डन प्लोव्हरला होतो. हे खरं आहे. याच जमिनींवर हॅरियर नाहीसे होतात, हेही खरं आहे, कारण हॅरियर ग्राउसची पिल्लं खातो. पहिलं सत्य सांगितलं म्हणून दुसरं पुसलं जात नाही. माझं मत विचाराल तर पीटवरचं (कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या मातीवरचं) हेदर जाळणं पूर्ण थांबावं आणि शिकारीला परवाना लागावा. स्कॉटलंडने २०२४च्या कायद्याने परवाना आणला. जिथे शिकारी पक्षी मारले जातील तिथला परवाना जाऊ शकतो. इंग्लंडात तसं काही नाही, आणि ते व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा प्रवास.

बेम्प्टनला गाडी नसली तरी चालेल. लीड्सहून हल, तिथे गाडी बदलून स्कारबरोच्या दिशेने बेम्प्टन स्टेशन. तिथून चालत कडे गाठता येतात. एप्रिलच्या सुरुवातीला गॅनेट आणि किटिवेक नक्की असतील. गिलेमॉट आणि रेझरबिल हे समुद्रपक्षी या दिवसांत लहरी असतात, सकाळी कडे भरलेले असतात आणि दुपारी सगळे समुद्रावर गेलेले. म्हणून सकाळी लवकर पोचा. पफिन तेव्हा नुकते येत असतात. दिसले तर पाण्यावर किंवा कड्याच्या भेगेच्या तोंडाशी, म्हणून दुर्बीण हवीच.

मूरसाठी मात्र गाडी लागेल. हटन-ल-होलहून कॅसलटनकडे जाणारा ब्लेकी रिजचा रस्ता घ्या. रस्त्याकडेला थांबायच्या मोकळ्या जागा आहेत. गाडी थांबवा, काच खाली करा आणि आतच बसा. गाडीला पक्षी बुजत नाहीत, उतरलेल्या माणसाला बुजतात. टिटव्यांच्या कोलांट्या, गोल्डन प्लोव्हरची एकसुरी शीळ, ग्राउस आणि कर्ल्यू तिथे बसल्या जागी मिळतील. दगडी भिंतींवर लक्ष ठेवा, आफ्रिकेतून नुकते पोचलेले रणगोजे बसलेले असतात. मुलीकडे कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या मूरवर त्याला आखूड पट्ट्याला बांधून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि या रस्त्यावर हॅरियर आडवा गेला, तर तो तुमचा. मनसोक्त बघा, मलाही कळवा.

निघायच्या आदल्या रात्री वाऱ्याची दिशा बघून घ्या. पूर्वेचा वारा असेल तर समुद्रावरून धुकं येतं आणि बेम्प्टनला कठड्यापलीकडचंही दिसत नाही. तसं असेल तर आधी मूर करा, कडे दुसऱ्या दिवशी.