शुभमंगल सावधान, पाच सेकंदांनी

प्रत्येक घराण्यात 'कॉम्प्युटरमधले कळणारा' एक भाचा असतो, आणि लग्न आटोपून मांडवाचे बांबू उतरायच्या आत सगळे आप्तेष्ट त्याच्याकडे वळतात. फोटोवाल्याने पेन ड्राइव्ह हातात ठेवलेला असतो, चुलतभावाच्या मोबाइलवर मंगलाष्टकांचे सलग चाळीस मिनिटांचे चित्रण असते, आणि साताऱ्याच्या आत्याकडे मात्र पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला डीव्हीडी प्लेअर आणि त्याहून जुना डबा टीव्ही असतो. आत्याला पेन ड्राइव्ह नको असतो. तिला डिस्क हवी असते, कारण डिस्क सरकवली की लग्न सुरू होते, अशी तिची श्रद्धा आहे. या श्रद्धेला आपल्या हातून तडा कसा जाईल, हे मी येथे स्वानुभवावरून सांगणार आहे. माझ्या सूचना नीट पाळल्यात, तर पुढच्या कार्यात आपल्याला कोणी काम सांगणार नाही, याची खात्री मी देतो.

सर्वांत आधी फाईलचे नाव बदलावे. नावाच्या शेवटी 'एमपी४' असेल, तर ते खोडून तेथे 'एमपीजी' लिहावे आणि रूपांतर झाले असे समजावे. लोणच्याच्या बरणीवर 'मुरांबा' अशी चिठ्ठी डकवली की आतल्या कैऱ्या आपोआप गोड होतात, हे आपण जाणताच. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही सारी बरण्यांची नावे असून आत काय भरले आहे ते वेगळेच असते, हा किरकोळ तपशील मनावर घेऊ नये. आत बहुधा २००३ साली ठरलेल्या एच.२६४ या पद्धतीने किंवा २०१३ साली आलेल्या एच.२६५ने दाबलेले चित्र असते. डीव्हीडी प्लेअर पहिल्यांदा विकायला आले ते जपानात, नोव्हेंबर १९९६मध्ये, आणि डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत जी मुख्य चित्रपद्धत आहे ती एमपेग-२. त्या नियमांवर वाढलेल्या यंत्राने आपल्यामागून सात वर्षांनी जन्मलेल्या एच.२६४ला दारातच ओळखावे आणि पाट मांडून बसवावे, अशी अपेक्षा ठेवायला धैर्य लागते. ते आपल्याकडे आहे.

नाव बदलून झाले की ती फाईल कोऱ्या डिस्कवर जशीच्या तशी ओढून टाकावी. अशा डिस्कला जाणकार डेटा डिस्क म्हणतात आणि आत्याचा प्लेअर 'डिस्क एरर' म्हणतो. पडद्यावर हे दोन शब्द उमटले की डिस्क बाहेर काढून लुगड्याच्या पदराने पुसावी, फुंकर मारावी आणि पुन्हा घालावी, हा विधी किमान तीन वेळा व्हायला हवा. त्यानंतरही काही होत नाही असे दिसल्यास कोणीतरी शेजारचा मुलगा सांगेल की खऱ्या डीव्हीडीत 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर असावा लागतो, त्यात चित्र-आवाजाचे एकेक गिगाबाइटपर्यंतचे व्हीओबी तुकडे असतात आणि सोबत आयएफओ व बीयूपी नावाच्या चिमुकल्या फायली असतात. त्याचे ऐकून आपण तसा फोल्डर बनवलाच, तर त्या चिमुकल्या फायली आकाराने क्षुल्लक म्हणून लगेच उडवाव्यात. कुठला तुकडा कुठल्या क्रमाने लावायचा हे त्यांच्यातच लिहिलेले असते, एवढेच. शेजारी 'ऑडिओ_टीएस' नावाचा फोल्डर रिकामा दिसेल, तेव्हा आवाज गेला म्हणून घरभर बोंब मारावी. तो फोल्डर डीव्हीडी-ऑडिओ या वेगळ्याच प्रकारासाठी असतो आणि व्हिडिओच्या डिस्कमध्ये रिकामाच राहतो, हे मला तीन दिवसांनी कळले. तोवर फोटोवाल्याशी माझे भांडण होऊन गेले होते.

आता किती भरायचे, याचा विचार. साध्या डिस्कवर ४.७ जीबी असे छापलेले असते आणि संगणक तीच डिस्क ४.३८ जीबीची दाखवतो, कारण बनवणारा हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ने. या हिशेबाला फसवणूक समजून आपण दुकानदाराला चार शब्द सुनवू शकता. पण खरा पराक्रम पुढे आहे. सीमांतपूजनापासून वरातीपर्यंतचे सहा तास एकाच डिस्कवर बसवावेत. दीड तास भरला असता, तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण ७ मेगाबिट वाट्याला आले असते. सहा तासांत तेच पावणेदोनवर येतात. अर्ध्या लिटर दुधात अख्ख्या वऱ्हाडाचा चहा करणारी सुगरण प्रत्येक मांडवात असते, तिचेच हे कसब आहे. एमपेग-२ची पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि बिट कमी पडले की प्रत्येक चौकोनातला बारकावा आधी फेकून देते. त्यामुळे नवरी स्थिर बसलेली असेपर्यंत सारे ठीक दिसते, पण ती उठून चालू लागली की पैठणीवरचे मोर चौकोनी होतात, औक्षणाच्या ज्योतीच्या जागी पिवळी वीट येते आणि अक्षता उडाल्या की पडद्यावर भिंत कोसळल्यासारखे दिसते. दोनच्या जागी एक डिस्क वापरून आपण पंचवीस-तीस रुपये वाचवलेले असतात.

मोबाइलवरच्या मंगलाष्टकांकडे मात्र मी आपले विशेष लक्ष वेधतो. मोबाइल सेकंदाला ३० चित्रे टिपतो असे आपण धरून चालतो, पण उजेड कमी झाला की तो २४-२५ वरही समाधान मानतो आणि उजेड आला की पुन्हा ३० वर जातो. त्याचा वेग असा मनाला येईल तसा बदलत असतो, आवाज मात्र घड्याळाप्रमाणे एकसारखा नोंदला जातो. आपण निवडलेल्या मोफत सॉफ्टवेअरने सगळीकडे ३०च चित्रे आहेत असे मानले, की चित्र हळूहळू आवाजाच्या पुढे पळू लागते. येथे वेग आधी एकसारखा करून घ्या, असे सुचवणारी एक बारीक खूण सॉफ्टवेअरमध्ये असते. ती न पाहण्याची दक्षता घ्यावी.

त्याचे फळ मी आत्याच्या माजघरात पाहिले. पहिल्या अष्टकाला ओठ आणि शब्द जुळत होते. तिसऱ्याला मामा खोकले आणि त्यांची ढास थोड्या वेळाने ऐकू आली. 'तदेव लग्नं' सुरू होईपर्यंत अंतर पाच सेकंदांचे झाले होते. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, माळा घालून झाल्या, बँडवाल्याने गाल फुगवून सनई तोंडाला लावली, आणि या सगळ्या निःशब्द गडबडीनंतर सावकाश, धीरगंभीर आवाजात 'शुभमंगल सावधान' असे ऐकू आले. खोलीत कोणी काही बोलले नाही. मग आत्या म्हणाली, "हे भटजी पहिल्यापासूनच उशिराचे." माझ्यावर कोणताही ठपका आला नाही. या एका कारणासाठी तरी मी ही पायरी चुकवू नये असे म्हणेन.

चित्रांची संख्याही बदलावीच लागते, त्याशिवाय काम पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. भारतातल्या जुन्या टीव्हीची आणि डीव्हीडीची पद्धत 'पाल', म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रे. मोबाइलचे ३० त्यात कोंबताना दर सेकंदाला पाच चित्रे बाहेर काढली जातात, आणि ती कोणती काढावीत याचा विचार घाईतले सॉफ्टवेअर करत नाही, त्यामुळे सप्तपदीत जोडपे मध्येच एखादे पाऊल गिळून पुढच्या सुपारीपाशी प्रकट होते. फोटोवाल्याच्या मोठ्या कॅमेऱ्याचे दुखणे निराळे असते. तो सेकंदाला ५० अर्धी चित्रे घेतो, एकदा विषम ओळींची आणि एकदा सम ओळींची, आणि आधी कोणती ओळ दाखवायची हे फाईलमध्ये सांगितलेले असते. तो क्रम उलटा करून ठेवावा. मग वरातीतला प्रत्येक नाचणारा अर्धा पुढे आणि अर्धा मागे असा थरथरतो, घोडा दोन पावले पुढे टाकतो आणि एक मागे घेतो. घोडा नुसता उभा असेल, तर काहीच बिघडत नाही, म्हणून तपासताना नेहमी उभ्या घोड्याचाच प्रसंग लावून पाहावा आणि 'एकदम क्लीअर' असे म्हणून संगणक बंद करावा.

शीर्षकाचे काम हौसेने करावे. गुलाब, बदाम, मोराची पिसे असा मेनू सॉफ्टवेअरमध्ये तयार असतो, त्यात 'शुभविवाह' असे मराठीत टंकावे. परदेशी सॉफ्टवेअरला जोडाक्षर आणि मात्रा यांची शिस्त ठाऊक नसेल, तर पहिली वेलांटी आपले अक्षर सोडून शेजारच्याला जाऊन चिकटते, रफार खाली उतरतो आणि नवऱ्या मुलाचे नाव त्याच्या आईलाही वाचता येत नाही. नाव पडद्याच्या अगदी डाव्या कडेला लिहावे. जुना डबा टीव्ही चारही बाजूंनी थोडे चित्र चौकटीमागे दडवतो, त्यामुळे 'चि.' जाईल आणि उरलेले 'सौ. कां.' वराच्या नावापुढे येऊन बसेल, अशी व्यवस्था थोड्या प्रयत्नाने करता येते.

रूपांतराच्या काळात अनेक सज्जन येऊन एफएफएमपेग या मोफत साधनाचे नाव घेतात. त्यांच्यापासून सांभाळून राहावे. त्यात काळ्या खिडकीत एक ओळ लिहून 'टार्गेट पाल-डीव्हीडी' एवढे सांगितले, की ते स्वतःच एमपेग-२, ७२० बाय ५७६, २५ चित्रे आणि ४८ किलोहर्ट्झचा एसी-३ आवाज ठरवून टाकते. एवढ्या सरळपणे काम झाले, तर आपल्या शहाणपणाला वाव राहत नाही. त्यापेक्षा तीन महिन्यांची चाचणी आवृत्ती असलेले काहीतरी उतरवावे, म्हणजे नवरीच्या कपाळाच्या बरोबर मधोमध 'कृपया विकत घ्या' असे बाशिंगासारखे झळकत राहील.

डिस्क लिहिताना वेग सर्वांत जास्त ठेवावा, फायनलाइज नावाचा पर्याय (लेखन पुरे झाल्याची मोहर, जिच्याशिवाय अनेक प्लेअर डिस्क वाचत नाहीत) वाटेत आल्यास वेळ वाचवण्यासाठी वगळावा आणि तयार डिस्कवर गणपतीचे कागदी स्टिकर जरा वाकडे लावावे. डिस्क गरगर फिरू लागली की प्लेअरमधून उखळात कांडल्यासारखा आवाज येतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. डिस्क हाती पडताच संगणकावरच्या मूळ फायली उडवून टाकाव्यात, कारण त्या फार जागा अडवतात. मोबाइलच्या चित्रात १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके होते आणि डिस्कवर ४,१४,७२० उरले. हा बरोबर पाचवा हिस्सा आहे, चार हिस्से आपण पंचमहाभूतांना अर्पण केले. पुढे महिनाभराने अमेरिकेतला मावसभाऊ व्हॉट्सअॅपवर लग्न मागतो. तेव्हा त्या डिस्कवरून पुन्हा एमपी४ करावे, सॉफ्टवेअरमध्ये '४के' असा आकार निवडावा आणि फाईल मोठी झाली म्हणजे चित्र सुधारले असे त्याला कळवावे. हापूसचा रस आटवून त्याची आंबापोळी करावी, ती पाण्यात कालवावी, वाटीत ओतावी आणि वर केशराची काडी ठेवून 'घ्या, ताजा आमरस' म्हणावे, असा हा प्रकार आहे. व्हॉट्सअॅप तीच वाटी वाटेत आणखी एकदा गाळून घेते.

उरली गोष्ट चित्राच्या रुंदीची. मोबाइलचे चित्र १६:९ असते, डबा टीव्ही ४:३ असतो, आणि डिस्कमध्ये चित्र कोणत्या आकाराचे आहे याची एक खूण लिहावी लागते. मी ती चुकीची लिहिली होती. त्यामुळे सबंध लग्नात सगळे वऱ्हाडी उभट आणि बारीक दिसत होते, जिलेबीसुद्धा लांबोडकी दिसत होती. मला अपराधी वाटले. मी फोटोवाल्याकडून फायली पुन्हा मिळवल्या, चुलतभावाच्या मोबाइलमधले मूळ चित्रण आणले, वेग एकसारखा केला, ओळींचा क्रम सुलट केला, १६:९ची खूण लिहिली, दीड-दीड तासाच्या चार डिस्क मंद वेगाने लिहिल्या, फायनलाइज केल्या आणि शनिवारची एसटी पकडून साताऱ्याला घेऊन गेलो. 'सावधान' अक्षतांच्या आधी ऐकू आले. मोर मोरासारखे दिसले. वर-खाली दोन काळ्या पट्ट्या होत्या, पण मधली माणसे माणसांएवढीच रुंद होती.

आत्याने सीमांतपूजनापर्यंत पाहिले आणि रिमोट ठेवला. "अरे, ही नको," ती म्हणाली. "आधीचीच लाव. तिच्यात मी किती बारीक दिसत होते! विहीणबाईंनीही तसलीच मागितली आहे." मी आधीची डिस्क लावली. प्लेअरमध्ये उखळ कांडू लागले.

विहीणबाईंसाठी तशीच दुसरी काढून देण्याचे मी कबूल केले आहे. नव्या चारही डिस्क आत्याच्या गॅलरीत कबुतरांसाठी दोऱ्याला टांगलेल्या आहेत.