आठ डॉलरची गोष्ट

आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी तोच मजकूर फिरून येतो: 'आपले लोक खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेत आले. ना कुणाची मदत, ना सवलत. मेहनतीवर सगळ्यांच्या पुढे गेले. मग काळ्यांनाच काय अडचण? गुलामगिरी संपून दीडशे वर्षं झाली. आणि गोऱ्या-काळ्यांच्या भांडणात आपण कशाला पडायचं?' खाली पन्नास अंगठे. या वेळी माझा अंगठा देण्याऐवजी हे उत्तर देतोय.

आठ डॉलर खरे. पण ती गरिबी नव्हती. त्या काळी भारत सरकार परकीय चलनच तेवढं नेऊ देई. खिशात आठ डॉलर आणि बॅगेत एमबीबीएस नाहीतर बीईची डिग्री, तीही बहुतेकदा सरकारी कॉलेजातली, म्हणजे बराचसा खर्च देशातल्या करदात्याने सोसलेली. शाळेतले पहिले दहा नंबर उचलून न्यायचे आणि 'बघा, आमचा गाव किती हुशार' म्हणायचं, त्यातला हा प्रकार.

'कुणाची मदत नाही' हे तर साफ चूक. १९२३ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना सांगितलं, तुम्ही गोरे नाही, नागरिकत्व मिळणार नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, ते वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. ते सताड उघडलं १९६५ च्या ऑक्टोबरात, नव्या स्थलांतर कायद्याने. त्याच वर्षी मार्चमध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावच्या पुलावर काळ्या माणसांनी मतदानाच्या हक्कासाठी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या. वंश बघून माणसं निवडणं लाजिरवाणं ठरवलं ते त्यांनी, आणि त्याचा फायदा आपल्याला झाला.

आता 'दीडशे वर्षं'. इथे जरा थांबू, कारण खरी गोम घरात आहे. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर शहरांतल्या काळ्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, आणि सरकारी हमीचं गृहकर्ज तिथे जवळपास पोचेना. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटाउन नावाची वसाहत उभी राहिली, सरकारी हमीच्या कर्जावर. घर सुमारे आठ हजार डॉलरचं. (पुन्हा आठच!) करारात सुरुवातीला चक्क लिहिलेलं होतं, गोऱ्यांशिवाय कुणी राहायचं नाही. युद्धावरून परतलेल्या काळ्या सैनिकाला ते घर मिळेना. आज तिथलं घर काही लाख डॉलरला जातं. गोऱ्या शिपायाच्या नातवाची कॉलेजची फी त्यातून निघते, काळ्याच्या नातवाला कर्ज काढावं लागतं. घरविक्रीतला हा भेद कायद्याने बंद झाला १९६८ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी नव्हे, माझ्या आईच्या लग्नाच्या वर्षी. त्यात शाळांचा मोठा खर्च गावातल्या घरांच्या करातून चालतो. घरं स्वस्त तिथे शाळा गरीब.

राहिलं 'आपण कशाला पडायचं'. १९८७ मध्ये जर्सी सिटीत भारतीयांना धमकावणारी टोळी स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवत होती, आपल्या बायकांच्या टिकलीवरून. २०१५ मध्ये अलाबामात नातवाला सांभाळायला आलेले एक गुजराती आजोबा सकाळी फिरत होते. 'बारीकसा काळा माणूस हिंडतोय' असा शेजाऱ्याचा फोन गेला, पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, शरीराचा काही भाग लुळा पडला. फोन करणाऱ्याने काही 'तुम्ही भारतीय का?' विचारलं नव्हतं. आणि आपल्या जोतीरावांनी तर १८७३ मध्ये पुण्यात बसून 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती. त्यांना नाही वाटलं हे परक्याचं भांडण.

काळ्या वस्तीत दुकान चालवताना आपल्या लोकांनी चोऱ्या, शिव्या, बंदुकासुद्धा सोसल्या, हेही खरं आणि ते बोललंच पाहिजे. फक्त काळं गिऱ्हाईक आत आलं की त्याच्या मागे मागे फिरणारा दुकानदारही आपलाच, हे त्याच दमात सांगावं.

मी स्वतः काही वेगळा नाही. घर बघत होतो तेव्हा एजंटला हळूच विचारलं होतं, "इथे लोक कसले आहेत?" तो हसून म्हणाला, "ते सांगायला मला कायद्याने बंदी आहे." कुठला कायदा, कुणी आणि केव्हा मिळवलेला, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.